हळद्या, पदरवाली आणि सागरिका

दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘मत्स्यालय’ लिहिलं होतं आणि त्याखाली मी मुद्दाम रंगवून घेतलं होतं, ‘येथे खायचे मासे मिळत नाहीत.’ तरी रविवारी सकाळी कोणी ना कोणी पिशवी घेऊन दारात उभं राहायचंच. “वहिनी, सुरमई आलीया का?” मी पाटीकडे बोट दाखवायचे. मग गिऱ्हाईक आत डोकावून टाक्यांवरून नजर फिरवायचं आणि विचारायचं, “मंग ही कशाला पाळल्यासा?”

“बघायला.”

“नुसतं बघायला?” असं म्हणून तो माणूस माझ्याकडे ज्या नजरेनं बघायचा, ती मला अजून आठवते. घरात काहीतरी दुःख असणार बिचारीच्या, अशी ती नजर असायची.

कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका आतल्या गल्लीत, खाली दुकान आणि वर आम्ही, अशी सव्वीस वर्षं मी काढली. माझं माहेर गारगोटीकडचं, शेतकऱ्याघरचं. आमच्या ओढ्यातल्या बारक्या मळ्या माशांपलीकडे मला मासा माहीत नव्हता. नाद होता आमच्या ह्यांना. ते साखर कारखान्यात कारकून, त्यांनी हौसेनं तीन टाक्या मांडल्या आणि सहा महिन्यांत त्यांची बदली झाली. टाक्या माझ्या गळ्यात पडल्या. त्यांचे मासे मरू नयेत एवढ्यासाठी मी पुस्तकं वाचायला लागले, मग गल्लीतली माणसं सल्ला विचारायला लागली आणि त्यातून दुकान उभं राहिलं. गंमत अशी की समुद्राचं पाणी मी आधी बनवायला शिकले आणि समुद्र नंतर पाहिला. पहिल्यांदा रत्नागिरीला गेले तेव्हा सगळे सूर्यास्त बघत होते आणि मी ओंजळीत पाणी घेऊन खारटपणा किती असेल याचा अंदाज करत होते.

गोड्या पाण्यातले मासे कोणीही विकतो. माझं काम खाऱ्या पाण्यातल्या माशांचं, म्हणजे समुद्रात पोवळ्यांच्या खडकांत राहणाऱ्या रंगीत माशांचं. त्याचं शास्त्र अगदी थोडक्यात सांगते. गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात बादल्यांतून येणारं खास मीठ ठरल्या मापानं विरघळवायचं. टाकीत खडक ठेवायचे, पाणी फिरतं ठेवायचं, आणि मग पाच-सहा आठवडे एकही मासा आत सोडायचा नाही. तेवढ्या वेळात डोळ्यांना न दिसणारे जंतू खडकावर वस्ती करतात आणि पुढे माशांची घाण तेच पचवतात. हे मी कितीही समजावलं तरी लोक चिडायचे. “वहिनी, रिकामी टाकी बघत बसाय आणलीया का आमी?” शेवटी मी त्यांना म्हणायला लागले की हे दुधाला विरजण लावल्यासारखं आहे, घाई केली तर नासणार. ते मात्र कोल्हापुरात सगळ्यांना कळायचं.

तरीही माणसं घाई करायचीच. आमच्या एका तालमीतले वस्ताद होते, कानाच्या पाळ्या कुस्तीत चुरगळलेल्या, आवाज असा की टाकीतलं पाणी हलावं. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. टाकीच्या काचेवर थोडं शेवाळ धरलेलं. वस्तादांनी सगळं पाणी ओतून दिलं, टाकी आणि खडक कपडे धुवायच्या पावडरीनं लख्ख घासले, नळाचं पाणी भरलं, त्यात स्वयंपाकघरातलं खडेमीठ मूठभर टाकलं आणि मासे परत सोडले. दुपारी मला फोन, “वहिनी, मासं आळशी झाल्यात बगा. पालथी पडून ऱ्हायल्यात.”

मी जाऊन पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी त्यांना पाहुण्यांदेखत झाडलं. माझा स्वभाव तसाच आहे, तोंडाला लगाम नाही. एवढा आडवा माणूस खाटेवर बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. मग मलाच कसंतरी झालं. त्यांना खरोखर स्वच्छच करायचं होतं. पुढं वस्तादांनी सहा आठवडे रिकामी टाकी राखली, रोज तालमीतून येताना मला पाण्याचं माप सांगून जायचे, आणि त्यानंतर त्यांच्या टाकीत मासा मेला तो म्हातारपणानंच. मुलीचं लग्नही त्याच पाहुण्यांत झालं.

माझ्या धंद्यातली एक सवय मात्र सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. माशांना व्यापारात जी नावं येतात ती इंग्रजी. ती लोकांच्या तोंडात बसत नाहीत आणि नाव तोंडात बसलं नाही तर माल खपत नाही. म्हणून मी त्यांना नवी नावं दिली. लिंबासारखा पिवळाधमक चपटा मासा तो माझ्याकडे ‘हळद्या’. अंगावर कोणी ब्रशानं फटकारे मारल्यासारखा दिसणारा तो ‘पेंटर’. एका फिकट माशाच्या अंगावर उभे काळे पट्टे असतात, त्याचं इंग्रजी नाव म्हणजे कैदी. मी भोळेपणानं ‘कैदी’ अशी चिठ्ठी लावली तर कोणी विकत घेईना. एक बाई म्हणाल्या, “कळंब्याला तुरुंग हाय तेवढा बास, घरात कशाला?” मी चिठ्ठी बदलून ‘पट्टेवाला’ केलं आणि आठवड्यात सगळे खपले. मला या कलेचा गर्व होता. बाहेरगावचे दुकानदारसुद्धा मला फोन करून विचारायचे, वहिनी, असा असा मासा आलाय, याला काय म्हणू?

आणि ‘पदरवाली’. काळे, पांढरे, पिवळे रुंद पट्टे आणि डोक्यावरून मागं सोडलेला लांब पांढरा पदर. पाण्यातून जाताना बघत राहावं असा मासा. मी दिलेलं नाव इतकं चाललं की लोक फोटो बघून मागायला लागले. पण पदरवाली काचेच्या टाकीत जगत नाही. खात नाही, खंगत जाते आणि एक दिवस तळाशी पडलेली सापडते. मला हे तिसऱ्या-चौथ्या वेळीच कळलं होतं आणि तरी मी पुढं दोन वर्षं त्या विकल्या. एवढं सुंदर नाव दिलं नसतं तर एवढ्या मेल्या नसत्या, असं वाटून मला अजूनही वाईट वाटतं. मग मी त्या मागवणं बंद केलं. ठेवलं फक्त त्यांचं चित्र, भिंतीवर.

त्या चित्रापाशीच पहिल्यांदा आक्का येऊन उभी राहिली.

पार्वतीआक्का नेसरीची. साठीपुढची, काटक, निळं लुगडं, चार म्हशी आणि दोन एकर उसाची मालकीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. हातात वहीचा कागद होता आणि त्यावर बॉलपेननं पाच शब्द लिहिले होते. मी वाचून बघितलं तर काही कळेना. हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ. लाउईपाला. मनिनी. किहिकिही. किकाकापू.

“आक्का, हे काय आहे?”

“मासं हाईत. मी एष्टीनं आलो ते ह्येच इचारायला. तुज्याकडं गावतील म्हणून सांगिटलं.” आमच्याकडच्या बायका ‘आलो, गेलो’ असंच बोलतात, आक्का तर फारच. “माज्या सुनंच्या गावचं मासं.”

मग स्टुलावर बसून तिनं सगळं सांगितलं. तिचा एकुलता एक सुरेश जहाजावर इंजिनिअर होता. हवाई नावाच्या बेटांवर उतरला, तिथंच नोकरीला राहिला आणि तिथल्याच, त्या मातीतल्या मुलीशी लग्न केलं. सहा वर्षं झाली. सुरेशनं फोनवर सांगितलं तेव्हा आक्का म्हणाली होती, “असली माज्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवायची न्हाय.” फोन स्पीकरवर लावलेला होता आणि ती मुलगी शेजारीच बसली होती. तिला मराठी कळत नव्हतं, पण आवाज कळतोच की.

“सा वर्सं पोरगं एकटंच येतंय. धा दिवस ऱ्हातंय, जातंय,” आक्का म्हणाली. “आता म्हणतोय, दोघं येतो, तीन म्हैनं ऱ्हातो. हितं फ्लॅट घेतलाय त्येनं. ती आली आनि तिला ग्वाड न्हाई लागलं, तर परत यायची न्हाय. आनि ती न्हाई तर तोबी न्हाई. मला कळतंय की.” तिनं डोळ्यांना पदर लावला नाही, नुसती टाकीकडे बघत राहिली. “त्यो म्हणला, ती समुद्रात वाढलीया, तिच्या आजीनं तिला चालाय यायच्या आदी मासं वळखाय शिकिवलं. मंग म्हटलं, आपन मासं ठेवूया. घरात आल्या आल्या वळखीचं कुनीतरी दिसू दे.”

मी ह्या धंद्यात बरीच कारणं ऐकलीत. वास्तुशांतीला भेट, साहेबाला खूष करायला, मुलं मोबाईल सोडत नाहीत म्हणून. असं कारण पहिल्यांदाच ऐकलं.

आम्ही जोडीनं त्या नावांचा उलगडा करायला लागलो. आक्का सुरेशला फोन लावायची, मी फोटो पाठवायचे, तो तिकडून हो-नाही सांगायचा. हुमुहुमु म्हणजे माझा पेंटर निघाला. खरं म्हणजे तिकडचा तो याचा चुलतभाऊ, पण नाव दोघांनाही चालतं. नावाचा अर्थ, डुकरासारखं तोंड असलेला. आक्का पोट धरून हसली. पण त्याला पाण्याबाहेर काढल्यावर तो खरोखर घुर्रघुर्र करतो, ते मी दाखवलं तेव्हा ती गंभीर झाली आणि म्हणाली, “बगून ठेवलंय नाव. उगंच न्हाई.” लाउईपाला म्हणजे माझा हळद्या. तिकडं अंगणात एक झाड लावतात, त्याचं पिकून पिवळं झालेलं पान म्हणजे लाउईपाला. मनिनी म्हणजे पट्टेवाला, आणि तोच शब्द ते कंजूष माणसालाही वापरतात. यावर आक्कानं ताबडतोब भावकीतल्या एकाचं नाव घेतलं. आणि किहिकिही म्हणजे भिंतीवरची पदरवाली. त्याचा अर्थ, कोपरेच कोपरे असलेली.

सुरेशनं आणखी एक सांगितलं. तिकडं काही माशांचं नाव वयाप्रमाणे बदलतं. पिल्लू असताना एक, बोटभर झाल्यावर दुसरं, पुरता वाढल्यावर तिसरं. मला हे फार विचित्र वाटलं. आक्काला अजिबात नाही. “आपल्यात न्हाई व्हय? रेडकू, मंग वगार, मंग म्हस. ज्येच्यावर जगायचं, त्येला नावं लई लागत्यात.”

तिनं टाकी घेतली चार फुटी. विरजणाचं तिला सांगावंही लागलं नाही. पाणी आटतं पण मीठ आटत नाही, म्हणून कमी झालेलं पाणी गोड्यानंच भरायचं, हे कोल्हापुरातल्या डॉक्टरांना मी दहादा सांगितलं असेल. आक्का एकदाच ऐकून म्हणाली, “म्हंजे आमटी आटल्यावानी.” किकाकापू म्हणजे फुलपाखरासारखा मासा, त्याला खायला जिवंत पोवळीच लागतात, म्हणून त्याचा नाद आम्ही सोडला. तिला किहिकिही हवी होती, फार हवी होती. मी म्हटलं, आक्का, ती मरेल. मी बऱ्याच मारल्यात. ती म्हणाली, “मंग तिला तितंच ऱ्हाऊ दे.”

टाकी फ्लॅटमध्ये मुरत होती तेवढे आठवडे आक्का नेसरीहून येऊन जाऊन करायची. दुपारी दुकानात गर्दी नसली की माझ्या टाक्यांसमोर मांडी घालून बसायची आणि नावं पाठ करायची. चौथी शिकलेली बाई. ते लांबलचक नाव तिनं आधी चार तुकड्यांत केलं, मग दोन, मग एका दमात. एकदा माझ्या चिठ्ठ्या वाचत म्हणाली, “त्यास्नी आपली नावं हाईत की गं. तू कशाला दुसरी देतीस?”

“लोकांच्या तोंडात बसत नाहीत, आक्का.”

“बसत्यात. बसवाय पायजेत.”

मी जराशी चिडले. माझ्या कलेला कोणी असं बोललं नव्हतं. आणि त्याच बोलण्यात मी तिला विचारलं, तुमच्या सुनेचं नाव काय?

“काय की. के... के कायतरी हाय. तोंडात बसत न्हाय.”

मला हसू आलं. त्या वेळी थोडं थांबून मी विचार करायला हवा होता. पण आक्काच पुढं म्हणाली, “म्हनूनच तुला इचारायचं हुतं. ती घरात आली की ताटात तांदूळ घालून नाव लिवायचं हाय. लगीन तिकडं झालं, ते ऱ्हाऊनच गेलंय. सगळ्या माशांस्नी नावं देतीस, एक माज्या सुनंला दे की. सोपं. चांगलं.”

मी क्षणाचाही वेळ घेतला नाही. “सागरिका,” मी म्हटलं. समुद्राची मुलगी, बोलायला सोपं, ऐकायला गोड. आक्का भलतीच खूष झाली. मीही खूष. पेंटरपेक्षा, पदरवालीपेक्षा हे नाव जमलं असं मला वाटलं. नेसरीत आणि भावकीत आक्कानं ते सांगूनही टाकलं.

सून येणार त्या दिवशी सकाळपासून मी त्या फ्लॅटवर होते. मासे आठवडाभर आधीच सोडले होते, तिघंही खात होते, पण परीक्षेला पोरगं बसवल्यासारखी माझी अवस्था. नेसरीहून सुरेशची आत्या आली होती, शेजारच्या चार बायका होत्या. उंबऱ्यावर माप ठेवलेलं. दारात सुरेश आणि त्याच्यामागं ती. उंच, सावळी, आपल्याकडची म्हणून खपेल अशी, खांद्यांपर्यंत मोकळे केस. सुरेशनं शिकवल्याप्रमाणे तिनं माप पायानं लवंडलं आणि आत आली. नजर खाली होती. सहा वर्षांपूर्वीचा तो आवाज तिच्या कानात असणार, हे बघणाऱ्याला कळत होतं.

मग तिला टाकी दिसली.

आक्का तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. एका हातानं काचेकडे दाखवत, शाळेत कविता म्हणावी तशा खणखणीत आवाजात म्हणाली, “लाउईपाला. मनिनी. हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ.” नेसरीचा हेल होता, पण एक अक्षर गळलं नाही.

मुलीनं तोंडावर हात धरला. मग तिनं ते लांब नाव आक्काबरोबर पुन्हा एकदा म्हटलं, दोघींनी मिळून, आणि दोघी हसल्या. मला तिनं सुरेशकरवी विचारलं, मासे कुठले? मी खरं ते सांगितलं. पिवळा टाकीतच जन्मलेला आहे, बाकी दोघं आपल्या बाजूच्या समुद्रातले, पकडून आणलेले. तिचा चेहरा थोडा उतरला. त्यांच्याकडे लोक भांडून हे पकडणं बंद करतायत, असं ती म्हणाली. मी मान खाली घातली. पण पुढं ती म्हणाली, आता आलेतच तर यांना सांभाळायला मला शिकवा. मी मनात म्हटलं, जिंकलं आक्कानं.

आत्यानं तोवर पाट मांडला होता. स्टीलचं ताट, त्यात पसरलेले तांदूळ. आक्कानं कमरेच्या पिशवीतून अंगठी काढून सुरेशच्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, “सागरिका लिव्ह.”

सुरेशला यातलं काही माहीत नव्हतं. आईनं त्याला चकित करायचं म्हणून सांगितलंच नव्हतं. तो अंगठी हातात धरून बसून राहिला.

“लिव्ह की.”

“आव्वा, ते... आपण नंतर करूया काय?”

“नंतर कवा? नैवेद्य थांबलाय.”

मुलीनं विचारलं, काय चाललंय? सुरेशनं तिला हळू आवाजात सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. चिडली नाही, पण तिचं सगळं अंग आखडलं. मग तिनं आक्काकडे बघून सावकाश सांगायला सुरुवात केली आणि सुरेश एकेक वाक्य मराठीत करत गेला. माझं नाव माझ्या आजीनं निवडलं नाही. मी पोटात असताना ते तिच्या स्वप्नात आलं. आमच्यात असं आलेलं नाव टाकत नाहीत. टाकलं तर त्या माणसाचं वाईट होतं. आजी आता नाही. तुम्ही सांगाल ते सगळं मी करीन. हे मला करता येणार नाही.

आत्या पुटपुटली, “म्या म्हनलं नव्हतं?”

मी आक्काकडे बघितलं. भावकीत नाव सांगून झालं होतं, शेजारणी बसल्या होत्या, आणि पहिल्याच दिवशी सुनेनं नाही म्हटलं होतं. मला वाटलं, आता ती सहा वर्षांपूर्वीसारखं काहीतरी बोलणार, आणि हे दोघं संध्याकाळी बॅगा उचलणार. आणि ते नाव माझं होतं. माझ्याच्यानं गप्प बसवेना.

“आक्का, चूक माझी आहे,” मी म्हटलं. “नाव मी सुचवलं. तिला न विचारता. माशांना चिठ्ठ्या लावते तसं.”

“तू गप,” आक्का म्हणाली. “मागिटलं मी.”

मग तिनं सुरेशला विचारलं, “पुरं नाव काय हाय तिचं?”

“केआलाओकालेहुआ. मी केआला म्हणतो.”

“तू काय म्हनतोस ते न्हाय इचारलं. पुरं परत सांग.” आणि अर्थ काय, म्हणून विचारलं. लेहुआ हे त्यांच्याकडचं एक लाल फूल. ज्वालामुखीच्या काळ्या दगडावर दुसरं काही उगवत नाही तेव्हा ते झाड उगवतं. त्या फुलाचा सुगंध, असं तिचं नाव.

आक्कानं सुरेशच्या हातातली अंगठी घेतली आणि मुलीच्या हातात दिली. “तूच लिव्ह. तुजं तुला म्हाईत.”

“वैनी, नाव नवऱ्यानं लिवायचं असतंय. आपल्यात अशी पद्धत न्हाय,” आत्या म्हणाली.

“आता हाय.”

मुलगी खाली वाकली आणि इंग्रजी अक्षरांत, एकेक करून, तांदळात नाव कोरायला लागली. अर्धं नाव झालं आणि ताटाची कड आली. ती थांबली, कानकोंडी होऊन वर बघायला लागली.

“मावत न्हाय व्हय?” आक्का म्हणाली, आणि नेसरीच्या शिवारात हाक मारावी तशी ओरडली, “परात आना गं!”

शेजारीण धावत गेली. भाकरी थापायची ती मोठी पितळी परात आली. आक्कानं डब्यातला सगळा तांदूळ तिच्यात ओतला, दोन्ही हातांनी सारखा केला आणि परात सुनेपुढं सरकवली. मुलीनं पहिल्यापासून लिहिलं. पूर्ण मावलं. आक्का इंग्रजी वाचू शकत नव्हती. ती सुनेच्या समोर बसली, अक्षरांवर बोट ठेवलं आणि तिच्या तोंडाकडे बघत म्हणायला लागली, “के. आला. ओका. ले... हुआ.” पहिल्यांदा अडखळली. दुसऱ्यांदा दोन तुकड्यांत म्हणाली. तिसऱ्यांदा एका दमात, “केआलाओकालेहुआ.”

ती मुलगी आक्काच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आक्काही रडली, आणि मी, आणि आत्यासुद्धा, जिनं नंतर सगळीकडे सांगितलं की परातीची युक्ती तिचीच.

मी दुकानात जाऊन त्याच आठवड्यात सगळ्या चिठ्ठ्या काढल्या असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. काढल्या नाहीत. हळद्या हळद्याच राहिला, दुकान विकेपर्यंत. धंदा धंद्याच्या जागी. पण त्यानंतर कोणी विचारलं, याचं खरं नाव काय, तर मी सांगायला लागले, आणि तोंडात बसेपर्यंत सोडायची नाही.

त्या दिवशी जेवायला पंगत बसली. आक्का स्वतः वाढत होती, सुनेला तिच्या नावानं सारखी हाक मारत होती, काम असो नसो. माझ्यापाशी भाताचं पातेलं घेऊन आली आणि थांबली.

“सुनीता हे तुजं सासरचं नाव न्हवं?”

“हो.”

“म्हायेरचं काय गं?”

माझे आईवडील लग्नानंतर लवकरच गेले, भाऊ मला ताई म्हणतो. चाळीस वर्षं ते नाव कोणी उच्चारलं नव्हतं. माझ्या लग्नात तांदळाचं ताट सजवताना मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही काही बोलले नव्हते, तसं काही बोलायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

“हौसा,” मी म्हटलं.

आक्कानं मान हलवली आणि पळी पातेल्यात घातली. “हौसा,” ती म्हणाली, “भात घे की आनी थोडा.”